हँग झालेल्या यंत्रापर्यंतच्या वाटा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडायचा तर आज निदान सहा-सात वाटा आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की तो थेट समोर येतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर आधी एक वेगळाच पडदा येतो आणि त्यावरच्या मोजक्या पर्यायांत त्याचं नाव असतं. खालच्या टास्कबारवर राइट क्लिक करा, स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, विंडोज-आर दाबून चौकटीत त्याचं फाइलनाव टाइप करा, सर्चमध्ये शोधा, नाहीतर काळ्या कमांड खिडकीतून हाक मारा. कुठूनही गेलं तरी शेवटी तीच यादी आणि तेच आलेख: कोणता प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय, किती मेमरी अडवून बसलाय, डिस्क कोण घासतंय. एका साध्या खिडकीसाठी एवढ्या वाटा कशाला, याचं नेहमीचं उत्तर 'ज्याची त्याची सोय' असं दिलं जातं. ते मला अपुरं वाटतं. या वाटा वेगवेगळ्या काळात पडल्या, वेगवेगळ्या माणसांनी पाडल्या, आणि त्या यंत्राच्या वेगवेगळ्या भागांवर उभ्या आहेत. एखादा भाग कोसळला की त्याच्यावरची वाट बंद होते आणि दुसरी उपयोगी पडते. अडकलेल्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या हाती काय उरतं, या प्रश्नाला गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मिळालेली उत्तरं या वाटांत थरांसारखी साचलेली आहेत.

सुरुवात टास्क मॅनेजरच्या जन्माआधी पंधरा वर्षं होते. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे आयबीएमची एक छोटी तुकडी १९८०-८१ मध्ये पहिला आयबीएम पीसी तयार करत होती. डेव्हिड ब्रॅडली हे तिच्यातले एक अभियंते. नवं सॉफ्टवेअर सारखं अडकायचं, आणि प्रत्येक वेळी विजेचा खटका बंद करून पुन्हा चालू केला की यंत्र सगळी मेमरी तपासत बसायचं. त्यात वेळ जायचा. म्हणून ब्रॅडलींनी कीबोर्डवरून यंत्र पुन्हा सुरू करण्याची सोय केली. त्यांनी आधी निवडलेल्या कळा होत्या कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप. पण त्या वेळच्या त्र्याऐंशी कळांच्या कीबोर्डवर या तिन्ही डाव्या बाजूला होत्या, एका हाताने चुकून दाबल्या जाऊ शकत होत्या. मेल हॅलरमन या सहकाऱ्याने सुचवलं की एस्केपऐवजी डिलीट घ्या. डिलीट उजवीकडे खालच्या कोपऱ्यात होती, त्यामुळे दोन्ही हात लागल्याशिवाय काम होईना, आणि तेच हवं होतं. ही सोय मुळात अभियंत्यांसाठी होती, पण तांत्रिक पुस्तिकांमधून आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या सल्ल्यांमधून ती बाहेर आली आणि लोकांच्या हाताला लागली. २००१ साली पीसीच्या विसाव्या वर्षानिमित्तच्या कार्यक्रमात, बिल गेट्स मंचावरच बसलेले असताना, ब्रॅडली म्हणाले की शोध माझा असेल, पण तो प्रसिद्ध केला बिलने.

चुकून दाबलं जाण्याची भीती काल्पनिक नव्हती. सुरुवातीच्या ॲपल-टूवर रिसेटची कळ रिटर्नच्या कळेला लागूनच होती. बोट जरा घसरलं की तासभराचं काम मातीमोल. पुढे ॲपलला कंट्रोल धरल्याशिवाय रिसेट चालणार नाही अशी तजवीज करावी लागली. तेव्हा ब्रॅडलींच्या तीन कळांचा पहिला गुण म्हणजे त्यांची अवघड जागा. दुसरा गुण आत दडलेला होता. कोणतीही कळ दाबली की प्रोसेसर हातातलं काम क्षणभर सोडून आयबीएमच्या बायॉसमधला, म्हणजे यंत्राच्या पायाशी असलेल्या सॉफ्टवेअरमधला, कीबोर्डचा तुकडा चालवायचा, आणि तो तुकडाच या जोडीकडे लक्ष ठेवून होता. म्हणजे वर चालणारा प्रोग्रॅम कसलाही गुंतला असला तरी त्याच्या परवानगीची गरज नव्हती. जोडी दिसली की मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी खुणेचा आकडा लिहिला जायचा, आणि पुन्हा सुरू होताना यंत्र तो आकडा पाहून मेमरीची लांबलचक तपासणी टाळायचं. मात्र एखाद्या प्रोग्रॅमने प्रोसेसरचं असं लक्ष वेधून घेणंच बंद करून ठेवलं असेल, तर या तीन कळाही मुक्या व्हायच्या आणि खटक्याला पर्याय उरायचा नाही. कोणती वाट कुठल्या थरावर उभी आहे यावर ती केव्हा चालेल हे ठरतं, ही गोष्ट १९८१ मध्येच स्पष्ट झालेली होती.

ही वाट आत डोकावण्याची मात्र नव्हती, संपवण्याची होती. कारण साधं आहे. तेव्हाच्या पीसीवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा. 'कोण जास्त खातंय?' हा प्रश्न निघायला पंगतीत निदान दोघे हवेत. मोठ्या सामायिक यंत्रांवर पंगत भरलेली असायची, म्हणून तिथे पाहण्याची सोय कितीतरी आधी आली. डीईसी या कंपनीच्या टॉप्स-२० प्रणालीत कंट्रोल आणि टी दाबलं की चालू काम न थांबता एक ओळ उमटायची: तुमचा प्रोग्रॅम काय करतोय, त्याने प्रोसेसरचा किती वेळ वापरला, यंत्रावर एकूण भार किती. युनिक्समध्ये १९८४ साली विल्यम लफीव्हर यांनी 'टॉप' लिहिला. सगळ्यात जास्त प्रोसेसर खाणारे प्रोग्रॅम वर, अशी क्षणाक्षणाला बदलणारी यादी तो दाखवायचा आणि आजही दाखवतो. तिथे मारायची कळ वेगळी आणि पाहायचा मार्ग वेगळा होता. पीसीच्या जगात आधी नुसता दंड आला, चौकशी नंतर आली. पुढची पंधरा वर्षं म्हणजे त्या दंडाच्या कळांना हळूहळू चौकशीकडे वळवण्याची गोष्ट आहे.

विंडोज ३.० आलं १९९० मध्ये. त्यात एकापेक्षा जास्त प्रोग्रॅम पडद्यावर नांदायचे. कंट्रोल-एस्केप दाबलं, किंवा रिकाम्या पडद्यावर डबल क्लिक केलं, की 'टास्क लिस्ट' नावाची छोटी चौकट यायची. तिच्यात चालू प्रोग्रॅमची नावं असायची. त्यातल्या एकाकडे जाता यायचं किंवा तो बंद करता यायचा. भार, मेमरी, आकडे यांतलं काहीच तिच्यात नव्हतं. १९९२ च्या ३.१ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचा स्वभाव पहिल्यांदा बदलला. लगेच सगळं यंत्र पाडण्याऐवजी निळ्या पडद्यावर मजकूर यायचा आणि अडकलेला तेवढाच प्रोग्रॅम बंद करायचा की पुन्हा तेच दाबून सगळंच सुरू करायचं, ते विचारलं जायचं. त्या पडद्यावरचा मजकूर स्टीव्ह बाल्मर यांनी स्वतः लिहिला होता, हे मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी पुढे सांगितलं. बाल्मर तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होते आणि आधीचा मसुदा त्यांना आवडला नव्हता. विंडोज ९५ ने हीच कल्पना पुढे नेऊन चालू प्रोग्रॅमची यादी समोर ठेवली. त्यातून एक निवडून बंद करता यायचा, दुसऱ्यांदा तीन कळा दाबल्या की मात्र यंत्र पुन्हा सुरू व्हायचं.

याच सुमारास मायक्रोसॉफ्टमध्येच दुसरी एक प्रणाली वेगळ्या घराण्यातून येत होती. डीईसीत व्हीएमएस ही प्रणाली घडवलेले डेव्हिड कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांच्या हाताखाली विंडोज एनटी तयार झालं. १९९३ च्या जुलैत आलेल्या एनटी ३.१ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला चक्क उलटं काम मिळालं: यंत्र सुरू झाल्यावर पासवर्ड द्यायच्या आधी या तीन कळा दाबायच्या. कारण सुरक्षेचं होतं. खऱ्या लॉगिनसारखाच दिसणारा खोटा पडदा रंगवून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम लिहिणं अवघड नसतं. त्यावर उपाय म्हणजे अशी एखादी खूण, जी प्रणालीच्या गाभ्यालाच ऐकू येईल आणि मधल्या कुठल्याही प्रोग्रॅमला अडवता येणार नाही. ब्रॅडलींची जोडी त्यासाठी सोयीची होती, कारण ती दाबली की यंत्र पडतं म्हटल्यावर कोणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये ती दुसऱ्या कामासाठी वापरलेली नव्हती. एनटीत एकदा आत गेल्यावर याच कळा दाबल्या की एक छोटी सुरक्षा-चौकट येऊ लागली आणि तिच्यात यंत्राला कुलूप लावणं, पासवर्ड बदलणं, बाहेर पडणं यांच्या शेजारी चालू प्रोग्रॅमच्या यादीलाही जागा मिळाली.

इथे एक आक्षेप खुद्द बिल गेट्स यांचाच आहे. २०१३ साली हार्वर्डमधल्या एका मुलाखतीत ते म्हणाले की लॉगिनसाठी एकच कळ असती तर बरं झालं असतं, पण आयबीएमचा कीबोर्ड बनवणाऱ्याने ती द्यायला नकार दिला. तीन कळांची ही व्यवस्था चूक होती, असंही ते म्हणाले. लॉगिनपुरतं त्यांचं म्हणणं मान्य करायला हरकत नाही. पुढे विंडोज ८ च्या टॅब्लेटवर विंडोजचं बटण आणि पॉवरचं बटण एकत्र दाबलं की तेच काम होऊ लागलं, आणि घरगुती आवृत्त्यांत तर लॉगिनपूर्वीचा हा विधी केव्हाच गेला होता. पण गेट्स यांच्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही. १९९३ पर्यंत लाखो लोकांच्या बोटांना सवय होती की यंत्र अडकलं की या तीन कळा दाबायच्या. घाबरलेला माणूस नवं काही आठवत नाही, त्याचे हात जुन्या जागी जातात. नवीन एखादी कळ दिली असती तर ती सुरक्षेच्या कामाला आली असती, पण घाबरलेले हात जुन्या तीन कळांवरच पडत राहिले असते आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न उरलाच असता. त्याच कळांमागे एक यादी ठेवल्यामुळे यंत्र पाडणारी सवय न मोडता तिचं फळ बदललं. हे ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. परिणाम मात्र तोच झाला.

टास्क मॅनेजर हा खरा टास्क मॅनेजर म्हणून आला तो १९९६ च्या एनटी ४.० मध्ये. कॅनडातून आलेले डेव्ह प्लमर हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते. त्यांनी तो सुरुवातीला घरी, स्वतःच्या वेळात लिहिला आणि मग कंपनीने विंडोजमध्ये घेतला. निवृत्तीनंतर त्यांनी त्याबद्दल बरंच सांगितलं आहे. मूळ प्रोग्रॅम जेमतेम ८५ किलोबाइटचा होता असं ते सांगतात. तो आकडा मिरवायला नव्हता. ज्या क्षणी यंत्राची मेमरी संपत आलेली असते नेमक्या त्याच क्षणी हा प्रोग्रॅम उघडावा लागतो, तर तो जड असून कसं चालेल? साधनं फारच कमी पडली तर काही पानं सोडून अपुऱ्या रूपात का होईना उघडायचं, अशीही सोय त्यांनी ठेवली होती. आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. ही जोडी लॉगिन सांभाळणाऱ्या विनलॉगॉन या गाभ्याजवळच्या प्रक्रियेने स्वतःकडे ठेवली आहे. ती दाबल्यावर विनलॉगॉन आधी चालू असलेला टास्क मॅनेजर आहे का ते पाहतो, असेल तर त्याला जागवायचा प्रयत्न करतो, आणि दहा सेकंदांत तो उठला नाही तर दुसरा सुरू करतो. देखरेख करणाराच अडकला तर काय, याचाही विचार झाला होता. शिफ्टची भर का पडली असावी याचा तर्क करता येतो: कंट्रोल-एस्केप ही टास्क लिस्टची जुनी जोडी विंडोज ९५ ने स्टार्ट मेन्यूला दिली होती आणि एनटी ४.० ने तेच रूप घेतलं, तेव्हा जुन्या जागेच्या शेजारीच नवी जागा शोधली गेली असणार. गंमत अशी की या तिन्ही कळा डाव्या बाजूला आहेत आणि एका हाताने दाबता येतात. ब्रॅडलींनी ज्या कारणासाठी एस्केप नाकारली, तेच कारण इथे उलटं पडलं. यंत्र पाडण्याची वाट अवघड हवी; डोकावण्याची वाट सोपी असली तरी बिघडत नाही.

आता वाटांची परीक्षा घेऊ. विंडोजमध्ये टास्कबार, त्यावरचं स्टार्टचं बटण, डेस्कटॉप हे सगळं एक्सप्लोरर या एकाच प्रोग्रॅमच्या पोटात असतं, आणि तो कधीमधी कोसळतो. तो कोसळला की खालची पट्टी नाहीशी होते. टास्कबारवरचा राइट क्लिक गेला, स्टार्टवरचा गेला, सर्च गेलं, विंडोज-आरही गेलं, कारण तेही एक्सप्लोररच ऐकतो. उरतात त्या फक्त कळांच्या दोन जोड्या, ज्या विनलॉगॉनकडे आहेत. त्यांतून टास्क मॅनेजर उघडायचा, त्यात नवीन काम सुरू करायचं, एक्सप्लोरर असं टाइप करायचं, आणि पट्टी परत येते. दुसरी परिस्थिती घ्या: पूर्ण पडदा व्यापणारा गेम अडकला आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडतोही, पण गेमच्या मागे दडून राहू शकतो. तिथे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कामाला येतं, कारण त्याने येणारा पडदा वेगळ्याच डेस्कटॉपवर असतो, गेमचा तिथे हात पोचत नाही. तिसरी: दूरच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने बसलेला तंत्रज्ञ. त्याने कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर ते त्याच्या समोरच्या यंत्राला लागू होतं, कारण ही खूण मधे कोणालाही अडवता येत नाही, म्हणून पलीकडे पाठवताही येत नाही. त्याच्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एंड अशी वेगळी जोडी द्यावी लागली. पुण्या-मुंबईत बसून परदेशातले सर्व्हर सांभाळणाऱ्या रात्रपाळ्यांना ती जोडी तोंडपाठ असते. तीन परिस्थितींत तीन वेगळ्या वाटा तारतात. नुसती सोय म्हणून इतक्या वाटा असत्या तर कुठलीही बंद झाल्याने फरक पडला नसता.

यावर कोणी म्हणेल की हे सगळं नंतर लावलेलं शहाणपण आहे. मायक्रोसॉफ्ट जुनं काही काढत नाही, म्हणून वाटा साचत गेल्या. यात तथ्य आहे. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केल्यावर येणारी यादी विंडोज ८ मध्ये आली ती मुळात स्टार्ट मेन्यूच काढून टाकल्यामुळे, आणि मेन्यू परतल्यावरही ती राहिली. असे अवशेष आहेतच. पण काढायची वेळ आली तेव्हा काय झालं तेही पाहावं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये टास्कबार नव्याने लिहिला गेला आणि त्यावरच्या राइट क्लिकच्या यादीत टास्कबारच्या सेटिंगखेरीज काहीच उरलं नाही. बाकीच्या सगळ्या वाटा शाबूत होत्या. तरी तक्रारींचा इतका मारा झाला की पुढच्या वर्षी, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, टास्क मॅनेजरची ती ओळ परत आणावी लागली. आता एक्सप्लोरर कोसळला की ही वाट निरुपयोगी हे वर म्हटलंच, मग लोकांना तिचा एवढा सोस का? कारण सगळ्यांचाच बिघाड एका पातळीवरचा नसतो. बहुतेकदा यंत्र मेलेलं नसतं, नुसतं रेंगाळत असतं. हात माउसवर असतो आणि पट्टी समोर असते. हळू चालणाऱ्या यंत्रासाठीची वाट आणि गोठलेल्या यंत्रासाठीची वाट या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि वापरणाऱ्यांनी त्या कंपनीच्या आधी ओळखल्या होत्या.

माझ्या मांडणीला खरा धक्का दुसरीकडून बसतो. वाटा कितीही असल्या तरी त्या एकाच जागी जातात, आणि ती जागा बंद करता येते. विंडोजच्या सेटिंग जिथे साठतात त्या रजिस्ट्रीत एक नोंद बदलली की टास्क मॅनेजर उघडताना स्वतःच ती नोंद पाहतो, व्यवस्थापकाने मनाई केल्याचा संदेश देतो आणि उघडतच नाही. कोणत्या वाटेने आलात याला मग किंमत नाही. ही नोंद कार्यालयं आणि कॉम्प्युटर लॅब चालवणाऱ्यांसाठी होती, सायबर कॅफेवाल्यांनाही ती उपयोगी पडायची, कारण तासाचे पैसे मोजणारा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाने बंद करू नये. विंडोज एक्सपीच्या काळात व्हायरस लिहिणारेही हीच नोंद वापरू लागले: आपलं नाव यादीत दिसू नये म्हणून यादीच बंद. पेन ड्राइव्हमधून संसर्ग पसरण्याच्या त्या दिवसांत हा संदेश ज्यांनी घरच्या, स्वतःच्याच यंत्रावर पाहिला, त्यांना हा व्यवस्थापक कोण हे कळेना. तेव्हा वाटांची विविधता सगळ्या संकटांवर पुरते असं म्हणता येणार नाही. ती अपघातांवर पुरते. जाणूनबुजून केलेल्या अडवणुकीवर नाही. तिथे दुसरी जागाच लागते, आणि ती होती: मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सचा प्रोसेस एक्सप्लोरर, जो टास्क मॅनेजरच्या जागी बसवता येतो, म्हणजे त्याच कळा दाबल्यावर हा उघडतो. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतली.

तरीही कळा आणि संकट यांचं नातं किती घट्ट आहे हे पाहायला याच घरातलं एक जुनं भावंड पुरेसं आहे. परफॉर्मन्स मॉनिटर हा टास्क मॅनेजरपेक्षा वयाने मोठा, एनटी ३.१ बरोबर १९९३ मध्येच आला. डिस्कच्या रांगेत किती कामं तुंबली आहेत, प्रत्येक सेकंदाला किती पानं मेमरीतून डिस्कवर जातात, नेटवर्कवरून किती बाइट वाहतात, अशा शेकडो मोजमापांतून हवी ती निवडून त्यांचे आलेख काढता येतात, दिवसचे दिवस नोंद ठेवता येते. माहितीच्या श्रीमंतीत टास्क मॅनेजर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण त्याला आजतागायत कळांची एकही जोडी मिळालेली नाही. नाव टाइप करा, सर्चमध्ये शोधा, किंवा व्यवस्थापकीय साधनांच्या यादीत खाली जा. ज्याला तो लागतो त्या माणसाकडे वेळ असतो, त्याचं यंत्र निदान चालू असतं, आणि काय शोधायचंय हे त्याला साधारण ठाऊक असतं. मॅकवरही हीच विभागणी दिसते: अडकलेला प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करण्यासाठी कमांड-ऑप्शन-एस्केप ही ठरलेली जोडी आहे, तर भार दाखवणारा ॲक्टिव्हिटी मॉनिटर २००३ पासून युटिलिटीजच्या फोल्डरात बसलाय, स्वतःच्या कळांशिवाय. विंडोजने या दोन कामांना एका खिडकीत आणलं आणि त्या खिडकीला संकटाच्या कळा दिल्या, म्हणून भाराचे आलेख तज्ज्ञांच्या खोलीतून घरोघरी आले. त्यापलीकडचा रिसोर्स मॉनिटर पुन्हा टास्क मॅनेजरच्या आतच आहे: परफॉर्मन्सच्या पानावर जायचं आणि तिथून तो उघडायचा. पूर्वी तिथे त्याचं स्पष्ट बटण होतं. आता तो तीन ठिपक्यांच्या मेन्यूमागे गेला आहे, आणि त्यावर टास्कबारच्या वेळी झाली तशी ओरड काही झालेली नाही.